गोव्यातला दंड

ऑल्विन टॅक्सी समजून ऑलिव्हियाच्या गाडीत बसला, याला दोहाचा ऑगस्ट कारण. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणसाला काही दिसत नाही. वसईतल्या आईशी फोनवर मराठीत बोलता बोलता तो मागच्या सीटवर बसला आणि हिंदीत म्हणाला, अल गराफाला घ्या.

"भाडं काय देणार?" तिने मराठीत विचारलं.

त्याने चष्मा पुसून पाहिलं, ही टॅक्सी नव्हतीच. "तुम्ही म्हणाल ते. पण आधी मला उतरू द्या."

तिने उतरू दिलं नाही. थेट घरी सोडलं.

ती अल हिलालला राहणारी नर्स, तो दुसऱ्या हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा. पुढे दर शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो तिच्याच गाडीने जाऊ लागला. भाडं म्हणून टपरीवरचा करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा. ती मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायची.

"गराफा आज लांब गेलं वाटतं," तो म्हणायचा.

"रस्त्याचं काम चाललंय," ती समोर बघत म्हणायची.

हिवाळ्यात त्याला मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी चालून आली. नंतरच्या एका शुक्रवारी मात्र टपरीपाशी गाडीत तो चहा न पिता नुसता धरून बसला.

"तुला लग्नाचं विचारणार होतो… पण आधी एक ऐक."

कॉलेजात असताना गोव्याला मित्राबरोबर त्याने गांजाची सिगारेट ओढली होती. पोलिसांनी पकडलं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि घरी आला. प्रकरण खलास, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. आता त्याने एका वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, कबूल करून दंड भरलास म्हणजे दोषी ठरलास. दंड लहान असला तरी नोंद राहते. नव्या नोकरीच्या अर्जात नेमकं तेच विचारलं होतं. नोकरी मिळवून देणाऱ्या एजंट सैफने सांगितलं, नाही म्हणून टाक, कोण बघतंय. ऑल्विनने खरं लिहिलं. ती नवी नोकरी हातची गेली.

ऑलिव्हियाने मोबाइल काढला. तिने तिथूनच आपल्या आईला फोन लावला, स्पीकरवर.

"मम्मी, ज्याच्याबद्दल सांगत होते ना, त्याच्यावर गांजाची केस झाली होती. नोंद आहे. ही गोष्ट त्याने स्वतः सांगितली मला. खोटं लिहिलं असतं तर आज मोठ्या नोकरीत असता. मला अभिमान वाटतो त्याचा."

ऑल्विनने मान खाली घातली.

"आता ओढतो का?" मम्मीने विचारलं.

"नाही, आंटी," तो बोलून गेला.

"बाजूलाच बसलाय होय? मग फोन त्याच्याकडे दे. आणि तू जरा बाजूला हो."

ती गाडीतून उतरली. काचेआड तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून उत्तरं देत होता. तेवढ्यात तिच्या वॉर्डातली मीना चहा घ्यायला आली. तिने गाडीत डोकावून विचारलं, "कोण गं हा?"

"माझा होणारा नवरा," ऑलिव्हिया म्हणाली. आत मम्मीचे प्रश्न अजून संपले नव्हते.