आधी काही लावलं होतं का?

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्या ओठांत एक बारीक स्क्रू होता. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला दोन हात पुरत नाहीत, त्यामुळे ओठांनाही कामाला लावावं लागतं. त्याने आपला चष्मा काउंटरवर ठेवला... एक काडी इकडे, उरलेला चष्मा तिकडे.

“स्क्रू पडला,” तो म्हणाला.

“हं,” मी म्हणाले. याहून जास्त बोलायची सोय नव्हती.

चष्म्याशिवाय त्याला फारसं दिसत नसावं. तो पुढे वाकला, माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आला, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, “तुम्ही तोंडाला अंगाचाच साबण लावता ना?”

स्क्रू गिळायचाच बाकी राहिला माझा. मी तो हातावर काढला आणि विचारलं, “तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही. गाल कोरडे पडलेत, म्हणून विचारलं. सॉरी... सवय आहे.”

“लोकांच्या गालांकडे टक लावून बघायची?”

“कामच आहे माझं ते. वरच्या पार्लरमध्ये लागलोय, कालपासून. फेशियल करतो.” मग चाचपत काउंटरला टेकून म्हणाला, “तुमचं काय वेगळं आहे? तुम्हीही दिवसभर चेहरेच बघता.”

“मी फक्त नाक आणि कान बघते. मधलं ज्याचं त्याचं.”

तो हसला. खरं सांगायचं तर मी चष्मा बसवताना त्या दिवशी जरा जास्तच वेळ लावला. काडी कानामागे नीट बसली की नाही हे बघायला एक बोट पुरतं, मी दोन लावली.

त्यानंतर त्याचा स्क्रू दर चार दिवसांनी ढिला व्हायला लागला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “हा आपोआप ढिला झालेला नाही. नखाने फिरवल्याची खूण आहे.”

“मग दुकानात यायला दुसरं काही कारण सुचवा,” तो म्हणाला. “चष्मा माझ्याकडे एकच आहे.”

मी मान खाली घालून स्क्रू आवळत राहिले. कान मात्र तापले होते, आणि कानांवर नजर ठेवणारी माणसं या इमारतीत एक सोडून दोन होती, मी आणि समोर उभा असलेला तो.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. आई गेल्यापासून मला मावशीनेच वाढवलं. तिचा माझ्यावर फार जीव, आणि तिच्या तोंडाला कुलूप कुठेच नाही. माझ्या तिसाव्या वाढदिवसाला तिने मला एक पाकीट दिलं. त्यात वरच्या पार्लरचं कार्ड होतं, शुक्रवार सकाळ, अकरा वाजता.

“तीस वर्षं झाली तुला,” ती म्हणाली. “एकदा तरी त्या तोंडाकडे कुणीतरी लक्ष देऊ दे. मी पण येणार हं बरोबर. बघू तरी काय करतात ते.”

आधी त्वचेची चाचणी करतात म्हणून मी मंगळवारी जिना चढून वर गेले, तर माझं फेशियल करणारा नेमका कोण? तोच. पांढऱ्या कोटात होता, आणि एकदम शहाण्यासारखा बोलत होता. त्याने मला खुर्चीत बसवलं, उजव्या कानामागे ब्रशने एक थेंब जेल लावलं आणि म्हणाला, “हे फळांच्या आम्लाचं आहे. उद्यापर्यंत लाल झालं नाही तर शुक्रवारी चेहऱ्याला लावू. खाजवू नका.”

“बरं, तज्ज्ञसाहेब.”

“आणि शुक्रवारपर्यंत काहीही करायचं नाही. स्क्रब नाही, ब्लीच नाही, थ्रेडिंग नाही, लिंबू नाही, उन्हात फिरणं नाही.”

“श्वास घेऊ का?”

“हळू,” तो म्हणाला.

निघताना तो जिन्यापर्यंत सोडायला आला. तिथे त्याचा आवाज उतरला. मॅडमनी, म्हणजे पार्लरच्या मालकिणीने, त्याला तीन महिने बघू म्हणून ठेवला होता. पुरुष आहे म्हटल्यावर काही बायका दारातूनच मागे फिरत. आत्तापर्यंत तो नुसता हाताखाली होता, आणि माझं फेशियल हे त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करायचं पहिलं काम होतं.

“नीट झालं तर मला माझी खोली मिळेल,” तो म्हणाला. “तक्रार आली तर त्याच दिवशी रजा. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय.”

“मी कशाला तक्रार करतेय?”

“म्हणून तर तुमचं नाव वहीत बघून बरं वाटलं.” तो थोडा थांबला. “आणि... शुक्रवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चहाला याल? फेशियल झाल्यावर. तोपर्यंत विचारायला नको होतं, पण धीर निघाला नाही.”

मी जिन्याचा कठडा धरून ठेवला आणि “बघू” म्हणाले. माझ्या तोंडावर ‘हो’ एवढं मोठं लिहिलेलं होतं की त्याला चष्म्याशिवायही वाचता आलं असतं.

बुधवारी तो कान बघायला खाली आला. लाल झालं नव्हतं. त्याने माझे केस एका बोटाने बाजूला केले, बघितलं, आणि मग ते बोट काढायला विसरला. “छान आहे,” म्हणाला. कान की काय, ते मी विचारलं नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढची करामत माझी.

गुरुवारी संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहिले. उद्या हा माणूस माझ्या चेहऱ्यावर पार्लरमधला तो मोठा भिंगाचा दिवा आणून तासभर बघणार होता. भिंग काय दाखवतं हे मला कुणी शिकवायला नको. वरच्या ओठावरची लव, नाकावरचे काळे ठिपके, भुवयांच्या खालचे वेडेवाकडे केस... सगळं पाचपट. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच की. मग चेहरा तसाच पसाऱ्यात कसा दाखवायचा?

मी साखर आणि लिंबू घेऊन गाल घासले. चांगले घासले, भांडी घासतात तसे. मावशीच्या कपाटात ब्लीचची ट्यूब होती, ती ओठावर आणि गालांवरही लावली. पुढे कोपऱ्यावरच्या बाईकडे जाऊन भुवया करून आले. परत आले तेव्हा चेहरा गुलाबी आणि तुळतुळीत झाला होता, थोडा चुरचुरत होता. मला वाटलं, स्वच्छ झाल्यावर असंच होत असेल. उद्या तो बघेल तेव्हा त्याला काम कमी पडेल, या विचाराने मी खूश होते.

शुक्रवारी मावशी पार्लरच्या त्या छोट्या खोलीत स्टूल ओढून पर्स मांडीवर घेऊन बसली. त्याने फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न वाचून दाखवला. कुठली औषधं? नाही. कशाची अ‍ॅलर्जी? नाही.

“गेल्या तीन दिवसांत चेहऱ्याला काही केलं? आधी काही लावलं होतं का?”

मावशी माझ्याकडेच बघत होती. आता हिच्यासमोर, आणि त्याच्यासमोर, काय सांगायचं? की मी तुमच्यासाठी काल ओठावरची लव पिवळी केली?

“नाही,” मी म्हणाले.

त्याने दिवा जवळ आणला आणि जरा वेळ बघितलं. “नक्की ना? थोडं गुलाबी दिसतंय.”

“उन्हातून आले ना... नक्की.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच,” तो म्हणाला, आणि फॉर्मवर बरोबरची खूण केली.

सुरुवातीला फार छान वाटलं. त्याची बोटं कपाळावरून फिरत होती, कोमट पाण्याचा टॉवेल गळ्याशी होता. मग त्याने ते जेल लावलं. अर्ध्या मिनिटात गाल पेटले.

“चुरचुरतंय?”

“नाही,” मी दात आवळून म्हणाले. “छान वाटतंय.”

असंच असतं, मी मनाशी म्हणत होते. सुंदर व्हायचं तर थोडं सोसावंच लागतं. डोळ्यांतून पाणी आलं तेही मी बाजूला सरकू दिलं. त्यालाच काहीतरी जाणवलं. त्याने माझ्या मुठी बघितल्या असतील. वेळ संपायच्या आधीच त्याने सगळं थंड पाण्याने भराभर धुवून काढलं. तोपर्यंत माझे दोन्ही गाल लालभडक झाले होते आणि वरचा ओठ सुजला होता.

मावशी ताडकन उठली. “अगं बाई, काय केलंत हे पोरीच्या तोंडाचं? भाजलीत की तिला. बोलवा तुमच्या मॅडमना.”

मॅडम आल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला, कानामागे बघितलं, फॉर्म बघितला. मग मला शांतपणे विचारलं, “कानामागे तर काही झालं नव्हतं. तुम्ही आधी काही केलं होतं का? ब्लीच, स्क्रब? खरं सांगा, राग नाही.”

तो माझ्या उशाशी उभा होता, हातात ओला कापूस. नुकताच त्याने त्या कापसाने माझा ओठ पुसला होता. त्याने काय बघितलं असेल ते मला कळत होतं. तरी तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

“माझी भाची खोटं बोलत नाही,” मावशी म्हणाली.

मॅडमनी पुन्हा विचारलं, “काहीच नाही?”

“नाही... काहीच नाही,” मी म्हणाले.

त्याने कापूस ताटलीत ठेवला. “चूक माझी आहे,” तो मॅडमना म्हणाला. “मी जास्त वेळ ठेवलं.”

संध्याकाळच्या चहाचं नाव कोण काढणार? मावशीने मला ओढणीत गुंडाळून घरी नेलं.

चार दिवस मी घरी होते. लाली उतरत गेली आणि मला स्वतःची लाज वाटायला लागली, खरी, पोटातून. जेवण जाईना. मावशी म्हणत होती, “बरं झालं त्याला काढला ते.” पाचव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती उठली. मग ब्लीचची ट्यूब कपाटातून काढून कचऱ्यात टाकली आणि म्हणाली, “जा, त्या मॅडमना सांगून ये.”

मी वर गेले आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी मोबाइल हातात घेतला. “मी फोन करते त्याला,” म्हणाल्या. “पण तो दुसऱ्या गावी निघालाय. उद्या सकाळची बस आहे.”

दुसऱ्या दिवशी मी बस स्टँडवर गेले. तो बाकावर बसला होता, पायाशी बॅग. मला बघून उभा राहिला. मी घरून पाठ करून आलेलं सगळं विसरले.

“मी खोटं बोलले,” मी म्हणाले. “सगळं केलं होतं. लिंबू, ब्लीच, भुवया.”

“माहीत आहे. ओठ पुसताना दिसलं.”

“मग तेव्हाच सांगायचं होतंत ना.”

“मावशींसमोर तुम्हाला खोटं पाडायचं? नाही जमलं.” तो थांबला. “आणि मला वाटत होतं, तुम्ही सांगाल. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं ना, तेव्हा तर मला खात्रीच होती.”

माझे डोळे भरून आले. “मी ते तुमच्यासाठी केलं होतं. चांगली दिसावी म्हणून. मला तुम्ही फार आवडता.”

“मलाही तुम्ही आवडता,” तो म्हणाला, अगदी सरळ, कुठलीही मस्करी न करता. “साबण लावत होतात तेव्हापासून.”

बस फलाटावर लागली. लोक चढायला लागले. तो हलला नाही.

“मॅडमचा काल फोन आला होता,” तो म्हणाला. “परत या म्हणाल्या. मी अजून काही कळवलं नाही. तिकीट काढलंय, पण तिकिटाचं काय... एक विचारू? खरं सांगा.”

“विचारा.”

“त्या खोलीत आपण पुन्हा तसेच असतो. मावशी बसलेल्या आहेत, मॅडम विचारतायत, माझी नोकरी जाणार हे तुम्हाला दिसतंय. मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर तुम्ही बोलला असतात?”

‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो? तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. म्हटला असता तर त्याने बॅग उचलून माझ्याबरोबर परतीचा रस्ता धरला असता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी त्या खोलीत मनाने परत गेले. मावशीची पर्स, तो दिवा, माझा सुजलेला ओठ. आणि मला माझं उत्तर ऐकू आलं.

“नाही,” मी म्हणाले. “तेव्हा नसते बोलले.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, पण डोळ्यांत पाणी होतं.

“या वेळी मात्र खरं बोललात,” तो म्हणाला. त्याने बॅग उचलली आणि बसमध्ये चढला.