शाल्मली पंप घेत नाही

“घेणार नाही म्हणजे नाही!” शाल्मलीने तपकिरी पंप टेबलावर आपटला.

२०५२ साल. संगमनेरच्या आरोग्य केंद्रातला यंत्रमानव आरो तिसऱ्यांदा म्हणाला, “सकाळी दोन, संध्याकाळी दोन फवारे. सूचना पाळा.”

“पण का? एरवी मला काही होतच नाही, तर रोज औषध कशाला?”

“सूचना पाळा.”

अकरा वर्षांच्या शाल्मलीला दमा होता. बरं वाटतंय म्हणून तिने महिनाभर पंप घेतला नाही आणि गेल्या आठवड्यात कबड्डी खेळताना तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. तरी तिचा प्रश्न कायम होता.

परिचारिका नसीमाताई पुढे आल्या. “आरो, गप्प बस. आपण हिला नुसता हुकूम सोडला, कारण सांगितलंच नाही. शाल्मली, यात फुंक.”

तिने श्वासदर्शकात (श्वासनळ्यांचं चित्र दाखवणारं यंत्र) फुंकर मारली. भिंतीवर तिच्याच नळ्या उमटल्या. आतून लाल, सुजलेल्या.

“पण मला दुखत नाही!”

“ही सूज दुखत नाही, म्हणून फसवते. रोजच्या श्वासापुरती वाट उरते. मग धूळ गेली की नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि तीही वाट बंद होत जाते. धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप स्नायू लगेच सैल करतो. तपकिरी पंप सूज उतरवतो, पण हळूहळू. म्हणून तो रोज घ्यायचा.”

शाल्मलीने चित्रातल्या सुजेवर बोट ठेवलं. “म्हणजे मला बरं वाटत होतं ते पंपामुळेच? आणि मी तोच बंद केला?”

“आता हेच मला तुझ्या शब्दांत समजावून सांग.”

तिने सांगितलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

महिन्याभराने डॉक्टरांनी तिला खेळायची परवानगी दिली. पण कबड्डीच्या मैदानावर प्रशिक्षक घोलपसर म्हणाले, “पंपावर जगणारी पोरगी संघात नको. सवय लागते त्याची.”

“नाही लागत, सर. ऐकून घ्या, मग काढा मला.”

मातीत काडीने तिने नळी काढली, सूज काढली, आवळणारे स्नायू काढले. अख्खा संघ भोवती जमला. सरांनी दोन प्रश्न विचारले. तिने दोन्हींची उत्तरं दिली.

“बरं,” सर हळूच म्हणाले. “उजवा कोपरा सांभाळ.”

ती निघाली, तेवढ्यात संघातली धिप्पाड रेवू तिच्या कानाशी आली. “मलाही पळताना धाप लागते गं. घाबरून कुणाला सांगितलं नाही. येशील माझ्याबरोबर केंद्रात?”

“आजच जाऊ,” शाल्मली म्हणाली. “आणि कारण कळेपर्यंत तिथून हलायचं नाही.”