उंटपाठीवरचा नांगर

कप्तान ओतेनियाझना समुद्रात जायचं होतं, म्हणून आम्ही जीप काढली.

आमच्या मुयनाकला धक्का आहे, दीपस्तंभ आहे, मासळी डबाबंद करायचा कारखाना आहे. समुद्र तेवढा नाही. तो आमच्या डोळ्यांदेखत मागे सरकत गेला आणि परत कधी येणार, हे कुणी विचारलं नाही. कप्तानांचा मुलगा एसेन मात्र त्यातच राहिला. वादळात आमची बोट उंटपाठ नावाच्या उथळीवर आपटली, पोरगा फेकला गेला, सापडला नाही. खूण म्हणून कप्तानांनी तिथेच बोटीचा नांगर टाकला आणि दोर कापला. मी त्या बोटीचा इंजिनवाला. कुऱ्हाड मीच दिली होती.

आता कप्तानांची बायको बीबीसारा अंथरुणाला खिळली होती. "कबरस्तानात माझ्या शेजारची जागा त्याची," ती म्हणाली. "हाडं मिळणार नाहीत, मला कळतंय. मूठभर माती आणा. पण नांगराखालचीच. तुम्ही पुरुष कुठूनही उचलाल."

जीप सापारबायची. तो जन्मला तेव्हा समुद्र निघून गेला होता. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे एक खराब रस्ता.

वाटेत गंजक्या बोटी लागल्या, काही अर्ध्या कापून भंगारात नेलेल्या. कप्तान प्रत्येकीची ओळख करून देत होते. "ही झुल्दीझ. हिचा कप्तान झोपेत बोट चालवायचा."

"आणि जागेपणी?" सापारबायने विचारलं.

"जागेपणी आपटायचा."

दुपारी बोटीच्या सावलीत चहा आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, झाले. सापारबायने मासळीचा डबा उघडला. कप्तानांनी डबा उलटा करून कुठल्या समुद्राची ते वाचलं आणि मग खाल्ली.

मग वारा सुटला. मीठ उडू लागलं, डोळे चुरचुरू लागले. तरी समोर उंटपाठीचा फिकट उंचवटा दिसला आणि सापारबायने जीप सरळ तिकडे घातली.

"डावीकडे घे," कप्तान म्हणाले. "उथळ आहे. खोलातून जा."

"आगा, इथे सगळंच कोरडं आहे."

"माझा मुलगा त्या उथळीने खाल्लाय. डावीकडे घे."

मीही मान डोलावली. जन्मभर आम्ही उथळ टाळून खोलातून गेलो होतो. सापारबायने चाक फिरवलं.

खोल भाग सपाट, पांढरा, सुरेख होता. त्याची खपली फुटली. खाली काळा चिखल! पुढची चाकं गेली. मागची गेली. चिखल दाराला टेकला.

"आगा," सापारबाय खिडकीतून बाहेर पडत म्हणाला, "समुद्र अजून थोडा शिल्लक आहे."

पाण्याचे डबे जीपमध्ये होते आणि जीप खाली चालली होती. रुतलेली गाडी बाहेर काढायला पुढे चरखी होती; तिची तार ओढत मी पोटावर सरपटत उंटपाठीवर पोहोचलो. तिथे पाय ठेवला तर टणक, कोरडी वाळू. तार सक्सौलच्या झुडपाला बांधली. झुडूप मुळासकट आलं. दुसरं बांधलं. तेही आलं. मग वाळूतून वर आलेला नांगराचा गंजका फाळ दिसला, शिंपल्यांनी मढलेला.

कप्तान मागून सरपटत आले. त्यांनी नांगर पाहिला. मग जीप पाहिली.

"बांध," ते म्हणाले.

"उपटला तर जागा जाईल."

"बांध म्हटलं ना."

बांधली. चरखी कुरकुरली. तार ताणली. नांगराने धरलं! जीप वीतभर वर आली, मग हातभर. आणि पुढची चाकं वाळूला लागली, तशी नांगराने पकड सोडली. तो घसटत, उलटत, चिखलाच्या काठापर्यंत गेला. पण जीप आता आपल्या चाकांवर वाळूत चढली.

वाऱ्याने त्याची चाकोरी आमच्या डोळ्यांसमोर बुजवली.

"कुठे होता?" कप्तानांनी विचारलं.

मी एकीकडे बोट दाखवलं. सापारबायने दुसरीकडे.

कप्तानांनी दोन्हीकडे पाहिलं. मातीसाठी आणलेला रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. तिघांनी मिळून नांगर जीपमध्ये चढवला. परतताना कप्तानांनी जन्मभर टाळलेल्या उथळींवरून, एकेकीचं नाव घेत, आम्हाला घरी आणलं. जीप एकदाही रुतली नाही.

बीबीसाराने रुमाल मागितला. कप्तानांनी तिचा हात धरून नांगराच्या बेचक्यावर ठेवला. तिथे शिंपल्यांच्या आड सुकलेला गाळ होता.

"खात्रीचा एवढाच," ते म्हणाले.

तिने नखाने थोडा खरवडून पाहिला. "मग धुऊ नका."

एसेनच्या जागी नांगर पुरायचा म्हटल्यावर कबरस्तानात मुल्लांनी फार वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मयताचं तोंड किब्ल्याच्या दिशेला करायचं. याचं तोंड कुठलं?"

"ज्या बाजूने धरून ठेवतो ती," कप्तान म्हणाले.

सापारबाय खड्ड्यात उतरला आणि दोन्ही हातांनी त्याने नांगर वळवला.

"जड आहे, आगा."

"होताच," कप्तान म्हणाले. "अंगाने भरलेला होता."