आधी गुड मॉर्निंग

"ही माळ कितीला?"

मी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. धक्क्याला पर्यटकांचं मोठं जहाज लागलं की ग्रेनाडातल्या आमच्या बाजारात असे कितीतरी येतात. माझ्या जायफळ-लवंगांच्या माळांवर बोट ठेवतात, आणि मागे बसलेल्या माणसाकडे बघतसुद्धा नाहीत.

"अहो... माळ कितीला?"

मी शेजारच्या मासळीवाल्या मर्लिनशी गप्पा मारू लागले. तेवढ्यात त्या विचारणाऱ्या तरुणाच्या डोक्यात मागून टपली बसली.

"लेनॉक्स! आधी गुड मॉर्निंग म्हणावं! माझ्याच बेटावर माझी लाज काढतोस?" ही त्याची युनिस मावशी. इथेच वाढलेली, आता परदेशात राहणारी.

तो लाजून कानापर्यंत लाल झाला. आणि काय केलं असेल? पार बाजाराच्या तोंडाशी गेला नि पुन्हा पहिल्यापासून चालत आला! टॅक्सीवाल्याला गुड मॉर्निंग, मर्लिनला गुड मॉर्निंग, खुंटीला बांधलेल्या बोकडालाही... शेवटी मला.

"आता तरी बोलशील?"

"बोकडाचा नंबर माझ्याआधी?"

"तो रुसला नव्हता ना!"

मावशी जुन्या मैत्रिणींत रमली. मी दुकान मर्लिनवर सोपवलं आणि त्याला किनाऱ्यावर नेलं. तिथे नारळाच्या दुधात नीरफणस शिजत होता. आम्ही एकाच पानावर जेवलो. मग पावसाची सर आली, आणि बदामाच्या झाडाखाली त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला... बोटाने टिपावासा वाटला. टिपला नाही. जहाजवाल्यांना जीव लावायचा नाही, हा माझा नियम. ते संध्याकाळी जातातच.

"मी परत येईन, जोस्लिन."

"सगळे म्हणतात. खरंच आलास, तर जहाजाने येऊ नकोस. जहाजवाल्यांचा निम्मा जीव घड्याळात असतो."

भोंगा वाजला. तो गेला. मर्लिनला मी सांगितलं, डोळ्यात लवंगेची पूड गेली.

आंब्याचा मोसम संपला. एका सकाळी धक्का रिकामा होता, बाजार सुस्त होता, आणि दुरून आवाज आला, "गुड मॉर्निंग!" टॅक्सीवाल्याला. मग मर्लिनला. मग – बोकडाला! माझा धीरच सुटला.

"किती दिवस राहणार आहेस?" मी ओरडलेच.

तो मासळी न्याहाळत उभा. जणू ऐकूच आलं नाही! खांद्यावर भलीमोठी पिशवी, ओठांत दाबलेलं हसू.

मर्लिन खो खो हसली. "अगं, आधी गुड मॉर्निंग म्हण!"

"गुड... मॉर्निंग," मी कसंबसं म्हटलं.

"गुड मॉर्निंग," तो माझ्याकडे वळला. "रोज म्हणायला आलोय."