कोरी शिफारस

रडायचं नाही असं घरूनच ठरवून निघाल्यासारखी मरिया ताठ बसली होती. तिने टेबलावर एक फोडलेलं पाकीट ठेवलं.

"मुंबईला मॅनेजमेंटच्या शिक्षणासाठी अर्ज केलाय," ती म्हणाली. "दोन सीलबंद शिफारशी लागतात. प्राचार्यांची पोचली. दुसरी मी हिशेब लिहिते त्या खरेदी-विक्री संघाचे चेअरमन आप्पासाहेब यांची. त्यांचं पाकीट संस्थेत फोडलं तर आत कोरा कागद! संस्थेने परत पाठवलंय. महिनाअखेर दुसरी शिफारस गेली नाही, तर अर्ज बाद. पण आधी मला कळायला हवं, हे केलं कुणी?"

गहिनीनाथ हे नगर शहरातले एकमेव खासगी गुप्तहेर. कामं बेताचीच, त्यामुळे आलेल्या कामाकडे लक्ष भरपूर. त्यांनी पाकिटाचं झाकण उजेडात धरलं. डिंकाचा पिवळट पट्टा होता, आणि त्याच्यावर एक वाळलेला पांढरा कण.

"मच्छिंद्र, काय दिसतं?"

"पाकीट," मच्छिंद्र म्हणाला. मोटार त्याची होती, म्हणून तपासात त्याला जागा होती.

"पत्र आत घालताना तुम्ही पाहिलंत?" गहिनीनाथांनी मरियाला विचारलं.

"हो. आप्पासाहेबांनी माझ्यासमोर डिंक लावला आणि टपाल बघणाऱ्या कानिफनाथकडे दिलं. दुपारच्या सुट्टीत ते ट्रेमध्येच होतं. नंतर टपालात गेलं."

तिघं मिरजगावला संघाच्या कचेरीत पोचले तेव्हा जेवणवेळ झाली होती.

आप्पासाहेब पिठलं-भाकरी खात होते. "डॉक्टरनं भात, साखर समदं बंद केलंय. आन् पोरीला मी कशापायी आडवीन? ती गेली तर हिशेबाची पंचाईत हाय, ही गोष्ट खरी. पन सही केली म्हंजी केली."

कानिफनाथ रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी मोडत होता. "तिची जागा माझ्या भाच्याला मिळायची हुती, राग हाय मला. पन त्या दिशी सुट्टीत मी घरी गेल्तो. डिंकाची बाटली माझ्या कपाटात, किल्ली कमरेला. या दुष्काळात घरात तांदूळ न्हाई, डिंक तरी जपाया नको?"

मॅनेजर गोरक्षनाथ रोजच्यासारखे टपालाच्या ट्रेशेजारी, आपल्या टेबलावरच जेवत होते. "या, बसा. घरचा तांदूळ आहे, राजूरला आमची भातशेती, तिथून भाऊ पाठवतो." मच्छिंद्रने आढेवेढे न घेता दोनदा भात घेतला.

"मरिया कशी आहे कामाला?"

"ताळेबंद मीच शिकवला तिला. फार हुशार."

"मग शिफारस तुमची का नाही?"

गोरक्षनाथांनी डबा बंद केला. "मोठ्या नावाला वजन असतं."

जेवणं आटोपल्यावर गहिनीनाथांनी सगळ्यांना चेअरमनच्या खोलीत बसवलं.

"पाकीट डिंकाने बंद झालं, ते मरियाने पाहिलं. त्या डिंकावर चिरडलेलं भाताचं शीत आहे. म्हणजे पाकीट नंतर उघडलं गेलं, आणि त्या वेळी डिंक हाताशी नव्हता. कानिफनाथला किल्ली होती, त्याला शितं शोधायची गरज काय? आप्पासाहेबांच्या ताटात भातच नसतो. सुट्टीत डिंक कुलपात होता आणि ट्रेशेजारी एक भाताचा डबा उघडा होता. भाताच्या मुलखातल्या माणसाला लहानपणापासून सवय असते, डिंक नसला की शितानं चिकटवायचं. हात आपोआप तिकडे गेला. काय मॅनेजरसाहेब?"

"अरे देवा! मी दोनदा खाल्ला तो भात," मच्छिंद्र म्हणाला.



"मीच केलं," गोरक्षनाथ म्हणाले. "शेजारी बसवून शिकवलं हिला. आप्पासाहेबांना हिचं काम काय, हे धड सांगता येणार नाही. पण शिफारस त्यांची! मला नुसतं विचारलंसुद्धा नाही. फार लागलं मनाला."

"मला लाज वाटली, सर." मरियाला आता मात्र रडू फुटलं. "तुम्हालाच सोडून जायचं आणि ते तुमच्याकडूनच लिहून घ्यायचं? धीर झाला नाही."

आप्पासाहेबांनी पेन काढलं. "आन इकडं. दुसरं लिवतो."

"नको, आप्पासाहेब." तिने कोरा कागद मॅनेजरांसमोर सरकवला. "सर, तुम्ही लिहा."

"मी? माझ्या शब्दाची आता काय किंमत?"

"कामाचं खरं तुम्हालाच ठाऊक आहे, तेवढं लिहा," मरिया डोळे पुसत म्हणाली. "पाकीट टपालात मात्र मी स्वतः टाकीन."