आगाऊ कान

"अहो, झालं का तुमचं? उकडून जीव चाललाय माझा!" कपाटातून हेमलताबाईंचा आवाज आला.

कपाट म्हणजे खरंच कपाट. शशिकांत मगदुमांनी त्यातल्या साड्या पलंगावर हलवल्या, आत तिन्ही बाजूंनी गोधड्या ठोकल्या, मधोमध मायक्रोफोन टांगला आणि कुरुंदवाडच्या दोन खोल्यांच्या घरात स्टुडिओ उभा केला. या माणसाची चाळीस वर्षं मोटारींच्या रिवायंडिंगमध्ये गेलेली. जळक्या मोटारीचा नुसता वास घेऊन कॉइल का गेली ते सांगायचा. आणि आज एका 'टक्'ने त्याच्या नाकी नऊ आणले होते!

गाणं छान सुरू व्हायचं. रंगात यायचं. आणि नेमकं मधेच, टक्.

'घरच्या मैफली' नावाच्या महोत्सवाला आज संध्याकाळी सहाच्या आत गाणं पाठवायचं होतं. तिथे दारावर माणूस नव्हताच, एक यंत्र बसवलेलं. ध्वनिमुद्रणात एक जरी टक् सापडली की 'दोष आढळला' म्हणून गाणं परत. सकाळपासून तीनदा परत आलं होतं. हेमलताबाईंनी उभा जन्म शाळेतल्या पोरांकडून प्रार्थना बसवून घेण्यात घालवला. त्यांचं स्वतःचं गाणं काही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून गेलं नाही. आता त्रेसष्टाव्या वर्षी, स्वतः बांधलेली भीमपलासीतली बंदिश चार लोकांना ऐकवायची हिंमत त्यांनी केली होती. ती सुद्धा नवऱ्याने महिनाभर डोकं खाल्लं म्हणून.

"माझी कवळीच वाजत असणार," त्या बाहेर येऊन पदराने वारा घेत म्हणाल्या. "काढून गाऊ का?"

"काढलीस तर टक् जाईल, पण शब्दही जातील की!"

हसल्या त्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हे बघा, आज नाही जमलं तर हा पसारा माळ्यावर. पुन्हा मला गा म्हणायचं नाही. या वयात शोभत नाही म्हणतात ते काय खोटं आहे?"

 तिचं गाणं बंद होणार या विचारानेच शशिकांतला घर रिकामं वाटायला लागलं.

त्याने मोटारीचा नियम लावला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तपासायचं. केबल बदलली. टक्. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. टक्. मायक्रोफोन फिरवला. टक्. राहता राहिला 'सूरसाथी', म्हणजे संगणकातला रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. पण त्याच्यावर संशय घ्यावा कसा? त्याच्यासारखा हुशार प्रोग्रॅम दुसरा नाही, असं सगळे म्हणत.

पूर्वी घरी गाणाऱ्यांची एक जुनी डोकेदुखी होती. आवाज मायक्रोफोनमधून संगणकात जाणार, तिथे सजणार आणि मग हेडफोनमधून गाणाऱ्याच्या कानात येणार. या फेरीत क्षणाचा लहानसा तुकडा निसटायचा, स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू यायचा आणि गाणारा तालातून घसरायचा. सूरसाथीने यावर नामी तोड काढली होती. तो गाणाऱ्याला ओळखून घ्यायचा, पुढचा सूर कोणता येणार याचा अंदाज बांधायचा आणि तो सूर गळ्यातून निघायच्या आत कानात वाजवायचा. या सोयीचं नाव होतं 'आगाऊ कान'. नाव ऐकूनच हेमलताबाई म्हणाल्या होत्या, "आगाऊच दिसतोय मेला!"

दुपारी दोनला शशिकांत नवी वायर आणायला बाजारात गेला. परत आला तो फाटकाशीच थबकला. आतून गाणं येत होतं. सकाळचं, चाचपत गायलेलं गाणं हे नव्हे. अंतऱ्याला बाई अशी काही वळली, की शशिकांतच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "वा!" तो रस्त्यावरच मोठ्याने म्हणाला. सायकलवरून जाणाऱ्या एकाने वळून पाहिलं. "वा, वा!" त्याला सुद्धा शशिकांतने ऐकवलं.

तो आत गेला तेव्हा बाईंचा चेहरा फुलला होता. "तुमचं यंत्र खरं बोललं बघा आज. मी सकाळपासून टक्च्या भीतीने हात आखडून गात होते ना? मघाशी आपणहून म्हणालं, 'जागा कमी. जागा वाढवा.' म्हटलं, मेल्याला गाण्यातलं कळतं की! मग घेतल्या मनासारख्या जागा."

जागा म्हणजे गाता गाता अवचित सुचणारी ती हरकत, जिथे ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. हेमलताबाईंना दुसरी जागा माहीतच नव्हती. शशिकांतने पडद्याकडे पाहिलं आणि तो पलंगावर, साड्यांच्या ढिगातच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, डिस्कवरची जागा! सकाळपासूनच्या रेकॉर्डिंगने डिस्क भरत आलीय, ती रिकामी कर म्हणतोय तो!"

"मग तसं नीट सांगायचं!" बाई फणकारल्या. पण ओशाळल्याही.

त्यांनी ध्वनिमुद्रण लावून ऐकलं आणि दोघांचंही हसू मावळलं. सकाळी गाण्यात चार टक् होत्या. आता अकरा.

"संपलं. काढा त्या गोधड्या," हेमलताबाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला. 

 शशिकांतला ते गाणं पुन्हा एकदा ऐकावंसं वाटत होतं, टक्सकट. त्याने डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली. अंतऱ्याला त्याच्या तोंडून "वा" निघालं आणि त्याच क्षणी, टक्. पुढच्या हरकतीला पुन्हा "वा", पुन्हा टक्. त्याने डोळे उघडले.

"हेमा, इकडे ये. अगं, जिथे मी वा म्हणतोय तिथेच वाजतंय हे!"

अकराच्या अकरा तपासल्या. एकही चुकली नाही.

त्याने सूरसाथीच्या मदत केंद्राला फोन लावला. पडद्यावर इरावती नावाची तिशीतली इंजिनिअर आली. तिने मुद्रण ऐकलं, आलेख पाहिला, पुन्हा ऐकलं.

"काका, केबल ठीक आहे, सगळं ठीक आहे. आगाऊ कान अंदाजाने पुढे धावतो. काकूंनी भलतंच काही घेतलं की त्याला मागे यावं लागतं. तो सांधा टक् वाजतो आणि मुद्रणातही उतरतो."

"म्हणजे कवळी नाही?" हेमलताबाईंनी विचारलं.

"कवळी नाही काकू! त्याला तुमचा अंदाजच येत नाहीये. आठवडाभर तुमचं गाणं त्याला शिकू द्या, मग टक् बंद होईल."

"आठवड्याने मी हेच गाईन, असं कुणी सांगितलं त्याला?"

शशिकांतने वाकून हेडफोनचा एक कान उलटा केला. "मॅडम, हे आगाऊ कानाचं कनेक्शनच काढलं तर? एका कानात नुसता सूरसाथीतला तबला. दुसरा कान उघडा. तिचा आवाज तिला खोलीतच ऐकू येईल की! फेरीच नको, मग उशीर कसला?"

इरावतीने आलेखावर एक नजर टाकली. "चालेल. पण आवाज सजवलेला ऐकू येणार नाही."

"सजवलेला हवाय कुणाला!" बाई म्हणाल्या आणि कपाटात शिरल्या.

गायल्या, आणि काय गायल्या! दुपारच्या त्याच बंदिशीत त्यांनी दुपारी न सुचलेलं काही तरी घेतलं. शशिकांतने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाही तर त्याचं "वा" मुद्रणात गेलं असतं. सहाला वीस मिनिटं असताना गाणं पाठवलं. दारावरच्या यंत्राने ऐकलं आणि उत्तर आलं, 'स्वीकारलं.' शशिकांतने बायकोला धरून खोलीत गिरकी घेतली. "सोडा, त्या पोरीचा फोन चालू आहे!" असं ओरडताना बाई स्वतःच खिदळत होत्या.

फोन चालूच होता. इरावती मात्र हसत नव्हती.

"काकू, मीही गाते. रोज सकाळी, सूरसाथीवर. दोन वर्षांत माझ्या गाण्यात एकदाही टक् आलेली नाही," ती म्हणाली. "पूर्वी आमच्याकडे या टक्च्या रोज शंभर तक्रारी यायच्या. या वर्षी तुमची पहिली. आम्ही पेढे वाटले होते, यंत्र सुधारलं म्हणून. पण कानात आधीच सूर ऐकू आला की माणूस तोच गातो ना? मग आगाऊ कान आम्हाला ओळखायला लागला, की आम्हीच त्याचं ऐकायला लागलो?"

हेमलताबाई तिच्या समोर येऊन बसल्या. "कान मोकळे कर बघू. आणि गा."

"आत्ता? ऑफिसमध्ये?"

"मग काय मुहूर्त काढू?"

इरावतीने हेडफोन उतरवला. इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सुरुवात केली. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला सूर वर चढला, थरथरला आणि ती थांबली. चेहरा लालबुंद झालेला, पण डोळे चमकत होते.

"काकू, पुढे काय येणार तेच कळत नाहीये मला!"

"हो ना?" हेमलताबाईंचा चेहरा आनंदाने उजळला. "मग थांबलीस कशाला?"