न संपणारी बाजू

आमच्या रांगेतली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन घरांत भिंत एकच. पलीकडे क्लिफ शिंकला तरी मला कळायचं, आणि खोटं कशाला सांगू, कळलेलं मला आवडायचंही.

त्या दिवशी मी स्ट्यूचं भांडं घेऊन त्याच्या मागच्या दारानं आत शिरले. नोव्हेंबर होता, चहाच्या वेळेलाच अंधारून आलेलं. त्याची एकुलती एक मुलगी केरी गेल्या हिवाळ्यात गाडी घसरून गेली. तेव्हापासून हा जेवतो की नाही ते मीच बघायची.

क्लिफ वर केरीच्या खोलीत होता. समोर तिचा रेकॉर्ड प्लेअर आणि तिच्या लाडक्या 'कोल्ड लाँड्री' बँडच्या तबकड्या.

"या वयात रॉक?" मी म्हटलं. "आता केस वाढवशील."

"राहिलेत कुठे वाढवायला?" तो चक्क हसला. "दुकानात विचारलं, सुरुवात कुठून करू? दुकानदार म्हणाला, दुसरीपासून करा, पहिली म्हणजे नुसता दंगा. आणि शेवटची एवढ्यात नकोच."

"का रे?"

"ती संपत नाही म्हणे. शेवटची रेघ गोल फिरून स्वतःलाच मिळते. आपण सुई उचलेपर्यंत फिरतच राहायचं. मुद्दाम केलंय त्या बँडवाल्या पोट्ट्यांनी."

मग रोज भिंतीतून गिटारी ऐकू यायला लागल्या. कपडे वाळत घालताना क्लिफ कुंपणावरून सांगायचा, "मॉरीन, ती कुठल्या गाण्याला जमिनीवर पाय आपटायची, ते आज कळलं बघ." मला वाटलं, चला, माणूस परत येतोय.

एका दुपारी त्यानं शेवटची तबकडी लावली. गाणी संपली आणि नुसती खरखर उरली. खर्र... टक्... खर्र... टक्... दुसऱ्या दिवशी जेवणवेळ झाली तरी तीच. मी गेले.

खोलीत ओल्या लोकरीचा वास होता. चहावर साय धरलेली. क्लिफचे ओठ निळे पडले होते.

"संपलंय ते. उचल सुई."

"नाही... जन्मभर मीच ओरडलो, बंद कर ते रडगाणं. एक गाणं पुरं होऊ दिलं नाही तिला. आता ती थांबेपर्यंत मी उठणार नाही."

"ती? कोण ती?"

"ऐक ना... दर फेऱ्याला थोडी जवळ येते..."

मला खरखरीशिवाय काही ऐकू येईना. मी त्याचा हात धरला. बर्फासारखा गार.

"चल माझ्याकडे. शेगडी पेटवलीय."

"थांब गं... दार उघडतेय..."

मला धीर निघेना. मी सुई उचलली.

तबकडी नुसतीच फिरत राहिली. क्लिफचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. मग त्याचं तोंड उघडलं आणि आवाज आला तो पोरीचा, जरा चिडलेला.

"मॉरीन आंटी, का उचललीत... बाबा आत्ताच आत आले होते."

मी सुई परत ठेवली. खर्र... टक्... आणि त्या खरखरीच्या मागे, फार लांब, दोन माणसांची पावलं. दूर दूर जाणारी. मी हाक मारली. एक पाऊल अडखळलं... पुन्हा चालू लागलं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका. क्लिफला आता समुद्राकडच्या वृद्धाश्रमात ठेवलंय. भरवलं तर गिळतो, बाकी काही नाही. मी रविवारी जाते, कानाशी त्याचं नाव घेते. पापणीही हलत नाही.

गेल्या खेपेला तिथल्या नर्सनं मला बाजूला घेतलं. तिच्या हातात त्याच्या सपाता होत्या.

"हे पलंगावरून उतरतसुद्धा नाहीत," ती हळूच म्हणाली, "मग सपातांचे तळवे झिजतात कसे हो? हा तिसरा जोड..."